न विचारता

इंदूरच्या सुदामा नगरातली शलाका कॉलेजात शिकवायची आणि उरलेल्या वेळात नोंदी ठेवायच्या 'टिपण' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरचं मराठी करायची. पडद्यावरची प्रत्येक सूचना, प्रत्येक बटण तिच्या हातून गेलेलं. कोड सगळ्यांसाठी उघडा होता, याचा तिला अभिमान होता.

त्याच अभिमानापोटी तिने ते कुमुदिनीमावशीच्या गळी उतरवलं. मावशी छत्रीबागेत बायकांसाठी सल्ला केंद्र चालवते. घरी मार खाणाऱ्या, घर सोडायच्या विचारात असलेल्या बायका तिथे येतात. यातलं काही कॉम्प्युटरबाहेर जात नाही, असं शलाकाने सांगितलं म्हणून मावशी त्यांच्या नोंदी 'टिपण'मध्ये ठेवू लागली.

मार्चमध्ये नवी आवृत्ती आली. केंद्राचं इंटरनेट बघणाऱ्या भूषणच्या लक्षात आलं, की 'टिपण' कुठेतरी काहीतरी पाठवतंय. त्याने शलाकाला बोलावून घेतलं. दोघांनी उघडून पाहिलं, तर किती वेळ वापरलं, कोणती बटणं दाबली हे सगळं 'टिपण' बनवणाऱ्यांकडे जात होतं. सोबत फायलींची नावंही. आणि मावशी फायलींना बायकांचीच नावं द्यायची.

मावशी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मला कोणी विचारलं होतं का गं?"

विचारलं नव्हतं, हे शलाकाइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तसा प्रश्न असता तर तो मराठीत करायला तिच्याकडेच आला असता. तिचं डोकं सणकलं.

'टिपण' प्रकल्पाचा प्रमुख मानस इंदूरचाच. ती तडक त्याच्या ऑफिसात गेली. फायलींची नावं जाणं ही चूक झाली, ती आजच काढतो, असं तो म्हणाला. पण बाकी वापराचं रिपोर्टिंग लागतंच; लोक काय वापरतात ते कळलं नाही तर सुधारणार काय? शिवाय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, कोड उघडा आहे, लपवलंय कुठे?

"मावशी कोड वाचणार आहे का?"

"देखो शलाकाजी, विचारलं तर बहुतेक लोक नाहीच म्हणतात."

"मग तेच त्यांचं उत्तर आहे, मानस. तुला ते नको होतं, म्हणून तू प्रश्नच ठेवला नाहीस."

मानस नरमला. जमा झालेलं सगळं पुसतो म्हणाला. फक्त याची चर्चा बाहेर नको, प्रकल्पाचं नाव फालतूत खराब होईल. शलाकाने घरी येऊन प्रकल्पाच्या पानावर सगळं लिहिलं, स्वतःच्या नावानिशी, केंद्राचं नाव न घेता. फुकटात राबणाऱ्यांना बदनाम करते, म्हणून काहींनी तिला झोडपलं. पण बाकीच्यांनी आपापले कॉम्प्युटर तपासले, आणि त्यांतल्या एका दवाखान्याला आपल्या पेशंटांची नावं गेलेली दिसली. मग मात्र मानसला जाहीर माफी मागावी लागली. वापरणारा हो म्हणेपर्यंत रिपोर्टिंग बंद, असं ठरलं.

इकडे मावशीने केंद्रातल्या त्या बायकांना हे सांगायला एकेक करून बोलावलं. सगळं पुसलंय, मग उगीच घाबरवायचं कशाला, असं शलाकाच म्हणाली.

"पाठवताना त्यांना विचारलं नाही," मावशी म्हणाली, "आणि आता सांगायचंही नाही?"

बहुतेकींनी ऐकून घेतलं. एक जण पोलिसांत तक्रार द्यायला तयार झाली होती. तिने मावशीचं बोलणं पुरतं ऐकलं, पर्स उचलली आणि जिना उतरून गेली. ती अजून परत आलेली नाही.