सगळ्यांच्या हातून

काचेच्या कारखान्यात एकजूट ही चैनीची गोष्ट नसते. दारापेक्षा मोठी काच चौघांनी उभी धरून न्यायची असते. एकाचं लक्ष उडालं, तर उरलेल्या तिघांचे विचार कितीही उदात्त असून उपयोग नसतो.

मुकादमाला हे ठाऊक होतं. तरी मालकांनी त्याला एकदा नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलंच. तिथे, आयुष्यात खुर्चीपेक्षा जड काही न उचललेल्या एका गृहस्थांनी सगळ्यांना गोल बसवून लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. मुकादम परत आला तो एक नियम घेऊन: काच फुटली तर ती सगळ्यांच्या हातून फुटली. कोणाच्या, हे विचारायचं नाही.

नियम लागू पडला. रुसवेफुगवे थांबले, माणसं एकमेकांच्या डब्यात हात घालू लागली. नवं यंत्र दाखवावं तशी मालक पाहुण्यांना ही चौकडी दाखवू लागले.

दुसरी रीत जुनीच होती. पाऊल टाकण्याआधी मुकादम विचारायचा, "हात?" आणि प्रत्येकाने, खुद्द मुकादमानेसुद्धा, "आहे" म्हणायचं.

गेल्या आठवड्यात एका जिन्याच्या वळणावर मुकादमाच्या नाकाला खाज सुटली. त्याने एक हात काढून नाक खाजवलं आणि सवयीने म्हणाला, "आहे." काच कलली. सगळा भार दाजींवर गेला आणि कडेने कापून त्यांच्या तळहातावर टाके पडले. दाजी म्हणजे मुकादमाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कारखान्यात मात्र त्यांच्याहून म्हातारी माणसंही त्यांना दाजीच म्हणत.

नियमाप्रमाणे कोणी काही विचारलं नाही. मुकादमाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

रविवारी तो बहिणीकडे गेला. तिने चहा पुढे केला.

"दादा, बरं झालं तुझा नियम आहे. दुसरीकडे असते तर यांचं नाव घेऊन मोकळे झाले असते सगळे."

"पकड माझीच सुटली," दाजी म्हणाले. "तोंडाने आहे म्हणत होतो, हाताला पत्ताच नव्हता. ज्या हाताचा भरवसा नाही तो काचेला कशाला लावा? चुलतभावाच्या गोदामात जातो. पुठ्ठ्याचे खोके. पडले तरी कोणाला लागत नाही."

"अहो, तुम्ही आणि खोके? झोपेतसुद्धा काचेच्या कडा घासता तुम्ही."

"सवय जाईल."

मुकादमाने तोंड उघडलं. "साखर अगदी बेताची पडलीय," तो म्हणाला. तेवढाच धीर त्याच्यापाशी होता.

दुसऱ्या दिवशी दाजी हातमोजे परत करायला कारखान्यात आले. चौकडीतले उरलेले दोघं, उंचाडा आणि पैलवान, मान खाली घालून उभे होते. मुकादमाला राहवलं नाही.

"काचेला हात माझाच नव्हता," तो म्हणाला. "आहे म्हणालो तेव्हा मी नाक खाजवत होतो."

उंचाड्याने पैलवानाला कोपराने ढोसलं. "बघितलंस? दाजींसाठी अंगावर घेतायत."

"अरे, खरं सांगतोय मी."

"तुम्ही असंच म्हणणार. पण मुकादम, नियम म्हणजे नियम. कोणाच्या हातून, ते काढायचं नाही."

"नाकसुद्धा काय शोधून काढलंय," पैलवान कौतुकाने म्हणाला.

एकजूट इतकी पक्की झाली होती की खऱ्याला आत शिरायला फट उरली नव्हती.

दाजींनी हातमोजे अजून ठेवले नव्हते. "कुठला हात काढलात?" त्यांनी विचारलं.

"डावा."

दाजींनी डोळे मिटले. जिना पुन्हा एकदा चढले असावेत. डावा म्हणजे त्यांच्याच बाजूचा.

"घरी चला," ते म्हणाले. "तिला सांगा. माझ्यासमोर."

बहिणीने दारात उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं. तिने आरडाओरडा केला असता तर मुकादमाला सोपं गेलं असतं.

"काल इथे बसून चहा प्यालास," ती म्हणाली. "हे खोके उचलायला निघाले होते आणि तू साखरेबद्दल बोललास."

"हो."

"साखर घालायची मी विसरले होते, दादा."

मुकादमाला कुठे बघावं कळेना. दाजींनी पट्टीचा हात दुसऱ्या हातात धरला होता, जपून, पण आपलाच असल्यासारखा.

"टाके निघाले की येतो कामावर," ते म्हणाले. "पण यापुढे हाक मी देणार. तुम्ही माझ्या मागे उभे राहायचं."

"बरं."

"आणि त्या दोघांना खरं कळायला हवं."

"सांगितलं की. मानतच नाहीत."

"मग मानेपर्यंत सांग," बहीण म्हणाली. "रोज."

मुकादमाने मान हलवली. उद्यापासून तो रोज सांगणार होता, आणि ते दोघं त्याला रोज थोडा आणखी मोठा मानणार होते.