बादलीतला डोंगरउतार

"केवढी धूळ बसली होती गं," दादा म्हणाला आणि त्याने ओलं फडकं बादलीत पिळलं. "आता बघ कसं लख्ख झालंय."

मी बघितलं. आईचं शेवटचं चित्र भिंतीला टेकून ठिबकत होतं. कालपर्यंत त्यात एक डोंगरउतार होता. आता नुसती फळी होती. लख्खच.

आईने कधी रंग विकत आणला नाही. माती आणायची, पाण्यात कालवायची, गाळ बसला की वरचं पाणी हलकेच ओतायची. तो गाळ वाळवून जेमतेम डिंकात खलायची. डिंक जास्त झाला की माती चमकते, आणि चमकणारी माती तिला नटूनथटून आलेल्या नवरदेवासारखी वाटायची. लांबून तिची चित्रं कोरी दिसत. जवळ गेलं की तपकिरीतून तांबूस, तांबुसातून राखाडी उलगडत जाई. कुठे झाडाच्या सालीचा खरखरीत काठ, कुठे सावलीच्या जागी वाळल्या गवताची एकच काडी. चित्राला हात लावायचा नाही, एवढाच घरात नियम होता. दादाने तो जन्मभर पाळला. हात काय, डोळासुद्धा लावला नाही.

पाहुण्यांना तो 'आईचा चिखल' म्हणून सांगे. ती गेल्यावर कलादालनाच्या बाईंनी फोन केला, चित्रं मांडू म्हणाल्या, आणि चिखलाची एका दिवसात कला झाली. त्या आज येणार, म्हणून त्याचं मातृप्रेम सकाळपासून उतू चाललं होतं.

"अहो, रंग जातोय वाटतं," वहिनी दारातून म्हणाली. "बादली बघा."

"रंग कसला? मळ आहे तो. काय गं?"

"मळच आहे," मी म्हणाले. "सगळं चित्रच मळाचं होतं."

तो हसला. मग त्याने हातातलं फडकं पाहिलं. त्याला गवताची काडी चिकटली होती.

"आता बाईंना काय सांगू?"

आई गेल्यापासून तिच्या चित्रांबद्दल त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"स्वच्छ केलंय म्हणून सांग."

तो बादली ओतायला निघाला. मी कडी धरली.

"घाण पाणी आहे ते."

"असू दे. ठेव."

बाई आल्या. कोऱ्या फळीसमोर मान तिरकी करून बराच वेळ उभ्या राहिल्या. "काय संयम आहे हो," म्हणाल्या. "हेच मधोमध लावू."

दादाने माझ्याकडे न बघता मान डोलावली. दोघांना त्यांच्या लायकीचं चित्र मिळालं होतं.

फळी गाडीतून गेली तोवर बादलीतलं पाणी निवळलं होतं. मी ते हलकेच ओतून दिलं. तळाशी गाळ होता, सायीसारखा मऊ. तिचे सगळे तपकिरी रंग मिसळून एकच उरला होता, तिने कधीही न वापरलेला.

तो मी तिच्या वाटीत काढला आणि खिडकीत वाळत ठेवला, उन्हात नाही, सावलीच्या बाजूला. ती तसंच ठेवायची.