पाळण्याचा वेग

एकोजीपेक्षा वीस वर्षांनी मोठं असण्याचा भागीरथीबाईंना भारी तोरा होता. या धाकट्या भावाला पाळण्यात झोके दिले ते त्यांनीच. आज अमेरिकेत त्याच्या मुलाचं बारसं होतं, आणि घराण्याची रीत अशी की आत्यानं पाळणा म्हटल्यावाचून बाळाच्या कानात नाव सांगायचं नाही. आत्या तर कुंभकोणमला. म्हणून त्यांचा पाळणा संगणकात भरून ठेवला होता. बारशाला दीड तास उरला होता.

लेक तुळसी संगणकाचे वर्ग घ्यायची. सकाळीच वाळ्याचा पडदा ओला करून तिनं मद्रासच्या इंटरनेट केंद्राचा नंबर लावला; तिथूनच पाळणा अमेरिकेला जायचा होता. संगणकाला फोनशी जोडणारा मोडेम किंचाळला, गुणगुणला, गप्प झाला. संगणक चालवणाऱ्या युनिक्स प्रणालीला तिनं वेग विचारला. उत्तर आलं, सेकंदाला अडतीस हजार चारशे बिट.

"दहा मिनिटांत पोचेल, आई."

भागीरथीबाई आरामखुर्चीत डोळे मिटून पडल्या. पाळणा वाळ्याच्या वासातून निघाला, कावेरीवरून, समुद्रावरून गेला, आणि एकोजी पुन्हा सहा महिन्यांचा होऊन मूठ चोखत ऐकू लागला. अर्धा तास असाच सुखात गेला. डोळे उघडले तर पाळणा अजून घरातच.

"काल ह्याचं गाणं लांब होतं," त्या मोडेमकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आज आलापच केला नहीं त्यानं. हा नोको, दुसरा बोलाव."

तुळसी हसली. पण मोडेमच्या नोंदींची फाइल उघडली नि ओशाळली. मघाचा आकडा संगणकापासून मोडेमपर्यंतच्या हातभर वायरीचा होता. फोनवरचा खरा वेग मोडेमनं जोडणी होताच लिहून ठेवलेला: चोवीसशे. मद्रासला नव्याजुन्या मोडेमांची रांग होती, त्यातलं एखादं म्हातारं खोड वाट्याला आलं असावं. या चालीनं बारसं उरकून गेलं असतं. वर्गात हेच शिकवणाऱ्या तुळसीबाईंची चांगलीच जिरली.

तिनं फोन तोडून पुन्हा लावला.

"नहीं," मोडेमचा सूर ऐकून भागीरथीबाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला मोडेम घरघरला, वर चढला, रेंगाळत खाली आला.

"हा."

नोंदीत आकडा होता चौदा हजार चारशे. पंचवीस मिनिटांत पाळणा गेला.

संध्याकाळी एकोजीचं पत्र संगणकावर आलं. तुळसीनं ते वाचून दाखवलं. "अक्का, वेळेवर पोचला. बाळ टक्क जागं होतं. झोप लागली ती मला. नाव सांगायला उठवावं लागलं."

भागीरथीबाईंनी पदरानं डोळे पुसले, आणि पत्र पुन्हा वाचायला सांगितलं.