पहूरच्या फळ्यावरची केळ्यांची बातमी

मित्रांनो, जरा जपून उभे राहा. माझ्या पायाशी नेहमी खडूची पूड सांडलेली असते, गणवेशाला लागेल. मी एक जुना वार्ताफलक आहे. पहूरच्या बसथांब्याजवळ, वाचनालयाच्या भिंतीला पाठ लावून उभा असतो. आज मी भलत्या आनंदात आहे. बोलण्याच्या भरात घाई झाली तर सांभाळून घ्या!

मला घडवले नवलनाना सुतारांनी. सागवानी फळ्या त्यांनी अशा जोडल्या, की सांध्यातून मुंगीही शिरू नये. जुन्या सेलमधली काळी पूड भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवून गावातल्या मुलांनी मला रंगवले. रंगवता रंगवता मुलेच माझ्यापेक्षा काळी झाली होती.

माझा वरचा अर्धा भाग वाचनालयाचा. तिथे पेपरातल्या बातम्या यायच्या. खालचा अर्धा गावाचा. म्हैस सुटली, लाइट जाणार, लग्न ठरले, ज्याला जे सांगायचे ते त्याने तिथे लिहावे, अशी रीत होती. रोज सकाळी कौतिकआबा येत. आबा धुळ्याकडचे, पहूरला येऊन म्हातारे झाले, पण बोली अजून तिकडचीच. चष्मा धोतराला पुसून ते मला मोठ्याने वाचत आणि जामनेरच्या गाडीला थांबलेली माणसे कान देऊन ऐकत. शेवटी आबांचे एकच वाक्य असे, "फयावर लिखेल शे, म्हनजे खरं शे!" फळ्यावर लिहिलंय म्हणजे खरंच, हे ऐकून माझी छाती फुगायची.

मग घरोघरी फोन आले. माझ्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या, शेळ्या माझ्या पायाला पाठ घासू लागल्या. आबा मात्र येत राहिले, म्हणून मी तग धरला.

आणि या ऑक्टोबरात एका सकाळी माझ्या खालच्या भागावर ठळक अक्षरे उमटली, "सावधान! केळ्यात काळा किडा. मुले दवाखान्यात. केळी खाऊ नका." लिहिणारा होता मोबाइल दुकानवाला कुंदन. फोनवर आले तसे त्याने उतरवून काढले. आबांनी वाचले, लोकांनी ऐकले.

माझ्या शेजारीच प्रमिलाबाईंची केळ्यांची गाडी असते. त्यांची मयुरी सातवीत आहे. त्या दिवसापासून लोक मला वाचायचे, गाडीकडे बघायचे आणि मान वळवून निघून जायचे. शाळेत खिचडीबरोबर मिळणारे केळेही मुले परत करू लागली. गाडीवरचे घड काळे पडत चालले. एका संध्याकाळी प्रमिलाबाई लेकीला म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशीही असंच झालं तर गाडी देऊन टाकू, मयुरी. वरणगावला मामाकडे जाऊ. तिथेही शाळा आहे."

मयुरीने ओढणीच्या टोकाने माझ्यावरचा 'किडा' हा शब्द पुसायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. गावाने लिहिलेले पुसायचे नाही, हीही इथली रीतच. मित्रांनो, मला हात असते तर मी स्वतःच स्वतःला पुसून घेतले असते!

शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी हेमांगी मॅडम सातवीला घेऊन वाचनालयात येतात. ग्रंथपाल चंद्रकांताताई आणि त्या मिळून एक तास घेतात, माहिती कशी शोधायची आणि कशी पारखायची याचा. ताईंनी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितले होते, "तुम्ही प्रश्न विचारायला शिकवा. उत्तरं कुठे दडून बसलीत ते मी दाखवते."

त्या शनिवारी मॅडमनी मुलांना आत नेलेच नाही. माझ्यासमोर उभे केले.

"आजचा धडा हा. हे कोणी सांगितलं? कधीचं आहे? आणखी कुठे सापडतं? चला, शोधा!"

आणि मग जी धावपळ उडाली! अर्हम आणि दोघे जण कुंदनच्या दुकानात शिरले. ओढतच त्याला घेऊन आले.

"मी कुठे बनवलंय?" कुंदन कुरकुरला. "मला आलं, मी लिहिलं."

"कुंदन," मॅडम म्हणाल्या, "माझ्या वर्गात होतास तेव्हा गृहपाठ कधी एवढ्या मन लावून उतरवला नाहीस रे!"

सगळे हसले, कुंदनही हसला, आणि त्याने फोन पुढे केला. मुले बातमीसोबतच्या फोटोवर झुकली.

"मॅडम, यात सगळ्यांनी स्वेटर घातलेत!" अर्हम ओरडला. "आपल्याकडे तर घामाच्या धारा लागल्यात!"

"आणि दवाखान्याची पाटी बघा, ती लिपीच आपली नाही!"

तिकडे ताईंनी पेपरांचे गठ्ठे काढून दिले. मुलांनी पान न् पान चाळले, बातमी कुठेच नाही. वर्गातल्या दोघी मुलींनी तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. केळे खाऊन आजारी पडलेले कुणी आलेच नव्हते. मयुरीला ताईंनी शेतीच्या कपाटापुढे उभे केले. तिने केळीच्या लागवडीचे एक जाडजूड पुस्तक काढले, पाने उलटली आणि एकदम किंचाळली, "ताई! तो किडा नाहीच! ती बी आहे, न वाढलेली बी!"

मुलांनी खडू घेतले. "खोटी बातमी असं मोठ्ठं लिहू?" अर्हमने विचारले.

"नको," ताई म्हणाल्या. "कुंदननेही असंच नुसतं मोठ्ठं लिहिलं होतं. तुम्हाला कळलं कसं, ते लिहा."

म्हणून मुलांनी सगळे लिहिले. स्वेटर, पाटी, पेपर, फोन, पुस्तकाचे नाव आणि पानसुद्धा. माझा वरचा भाग भरला, खालचा भरला. अंगभर अशा गुदगुल्या मला कधी झाल्या नव्हत्या!

बाजाराच्या दिवशी आबा आले. चौक गच्च भरलेला. त्यांनी मला वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. चष्मा काढला.

"अय पोरी," ते मयुरीला म्हणाले, "आठ रोज फयावर किडा व्हता. आज फयावरच बी शे. मंग खरं काय शे?"

प्रमिलाबाईंचा हात गाडीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला. आबांना उत्तर द्यायला माझ्याकडे अक्षरांखेरीज काय होते?

मयुरीने गाडीवरचे एक केळे उचलले, सोलले, मधोमध मोडले आणि आबांपुढे धरले. "आबा, फळ्यावर विश्वास ठेवू नका. बघा. हे काळे ठिपके. हलतायत का?"

आबांनी चष्मा लावला. केळे डोळ्यांजवळ नेले. बोटाने टोकरले. चौक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "गोड शे व माय! आनखी एक दे."

पुढचे काय सांगू! आधी कुंदन पुढे आला, मान खाली घालून त्याने अख्खा घड मागितला. मग हातच हात. दिवस कलायच्या आत गाडीवर नुसती पाने उरली. वरणगावचे नाव प्रमिलाबाईंनी पुन्हा काढले नाही.

आता खालच्या भागात लिहिणाऱ्याने बातमी कुठून आली तेही लिहायचे, अशी नवी रीत पडली आहे. आबा अजून रोज येतात, वाचतात, पण शेवटचे वाक्य बदलले आहे. माझ्याकडे बोट रोखून ते विचारतात, "हाई कोनी सांगं रे?"

आधी मला वाटले, आपला मान गेला. नाही हो. मान तर आत्ता आला! मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसत जा, वर्षाकाठी एकदा काळा रंग द्या, शेळ्यांना थोडे लांब बांधा. आणि माझ्यावर काहीही लिहिलेले दिसले, की आधी मला विचारा. खुशाल विचारा. मी लाकडाचा आहे, मला राग येत नाही.