काट्यावरचं कुंकू

कस्तुराबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. निळं आंतरदेशीय पत्र होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून शेजारच्या एका शाळकरी मुलीकडून लिहवून घेतलेलं. "काट्याला मी कुंकू लावलं म्हणून वजन चुकलं का? तुम्ही तिथं होता. खरं असेल ते कळवा. पण यांना कळू देऊ नका." एवढंच.

उत्तर मला ठाऊक होतं.

बासष्टच्या लढाईनंतर ठिकठिकाणी रायफल क्लब निघाले, तसा चिंचवडलाही एक निघाला. मी पिंपरीच्या एका कारखान्यात ग्रंथपाल होतो. बंदूक मी कधी हातात धरली नाही, तिच्या आवाजानंही मला धडकी भरे. पण बंदुकीचं इंग्रजी पुस्तक वाचून समजावणारा कुणीतरी हवा, म्हणून मला चिटणीस केलं. कस्तुराबाईंचे यजमान साहेबराव त्याच कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. राहायला रहाटणीला. पवनेकाठच्या उसात रानडुकरं शिरत, म्हणून त्यांच्या घरी परवान्याची दुनळी बंदूक होती. पुढे विकतची काडतुसं मिळेनाशी झाली. तेव्हा क्लबनं रीतसर परवानगी काढून रिकामी काडतुसं पुन्हा भरायचं ठरवलं. त्यासाठी बंदुकीची दारू तोलायचा काटा घ्यायला आम्ही दोघं पुण्याला रविवार पेठेत गेलो.

दुकानदारानं काचेच्या पेटीतला सराफी काटा पुढे ठेवला. साहेबरावांनी पारड्यावर हळूच फुंकर मारली.

"पुस्तकराव, ह्यो तर लई रुसका हाय. वाऱ्यानंबी मान फिरवतोय."

"सोनं तोलणारा आहे, रुसणारच," दुकानदार म्हणाला. "न रुसणारा हवा तर मंडईत जा. बटाट्याचा मिळेल."

साहेबरावांना काटा नकोच होता. त्यांना माप हवं होतं. पितळी नळी, खाली सरकती पट्टी. पट्टी ढकलली की ठरावीक दारू काडतुसात पडते. ते टूलरूममध्ये स्वतः करणार होते. "एकेक तोलत बसलो तर दिवाळी जाईल," ते म्हणाले.

सोबत नेलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की माप जागा मोजतं, वजन नाही. दारू दमट असेल, हादऱ्यानं दबली असेल, तर माप फसतं. पण काटा वेळखाऊ, हेही त्यातच लिहिलं होतं. मी दोन्ही वाचून दाखवलं आणि नेहमीसारखा घुटमळलो.

"तुमचं पुस्तक म्हंजी आमचा मामा," साहेबराव हसले. "वराकडंबी जेवतो, वधूकडंबी."

शेवटी दोन्ही घ्यायचं ठरलं. मापानं भरायचं, आणि अधूनमधून एखादी भरणी काट्यावर तोलून पाहायची. तो तोडगा माझा. आयुष्यात एकदा तरी मी नीट निर्णय घेतला, असं परतताना वाटलं होतं.

काटा साहेबरावांच्या घरीच असे. त्या वर्षी खंडेनवमीला कस्तुराबाईंनी पाटावर कोयता, मोजमापाचा व्हर्नियर, बंदूक मांडली आणि काटाही मांडला. त्याच्या पारड्यात हळदकुंकू, अक्षता, झेंडूची पाकळी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते सगळं तसंच होतं.

"त्यालाबी नटवलंस व्हय गं?" साहेबराव म्हणाले.

"त्याचा मान पयला," त्या म्हणाल्या. "तुमची नजर चुकंल, त्याची न्हाई. आन् आज भरू नगा. ओव्हरटाइम करून आलाय, डोळं बगा कसं झालंत."

"चहा टाक, डोळं उघडत्यात."

त्या आत गेल्या. साहेबरावांनी मऊ फडक्यानं दोन्ही पारडी स्वच्छ पुसली, अक्षतांचा दाणान् दाणा वेचला, आणि काटा धरून मला विचारलं, "बगा, सरळ हाय का?" मी वाकून पाहिलं. काटा अगदी सरळ होता. चहा घेऊन मी निघालो तेव्हा ते भरायला बसत होते.

रविवारी रावेतच्या माळावर क्लबच्या सरावात त्यांच्या बंदुकीची नळी फुटली. उजवा डोळा गेला.

इस्पितळात मी उशाशी बसलो होतो. ते भिंतीकडे तोंड करून बोलले. "झापड आली हुती, भाऊ. एकाच काडतुसात माप दोनदा ढकललं आसंल. काट्यावर सगळी कुठं तोलतोय आपण?" मग थोड्या वेळानं, "कस्तुराला सांगू नगा. ती नगं म्हणत हुती. आन् टूलरूममदी तर आजाबात न्हाई. केसाएवढा फरक पकडणारा म्हून मला वळखत्यात तिथं."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

आणि पुढच्या आठवड्यात ते निळं पत्र आलं.

मी उत्तर लिहायला बसलो, की प्रश्न पडे: हे त्यांना वाचून कोण दाखवणार? ती मुलगीच. म्हणजे गावभर. 'कुंकवानं नाही' एवढंच लिहिलं, तर 'मग कशानं?' असं त्या विचारणार. साहेबरावांना या पत्राबद्दल सांगून टाकावं, तर पत्रातली शेवटची ओळ आडवी येई. एकाच तव्यावरची भाकरी खाणारी ती दोघं, एकमेकांपासून काय लपवतात ते फक्त मला माहीत. दुसरा कुणी धीट माणूस असता तर त्यानं त्या घरी जाऊन दोघांना समोरासमोर बसवलं असतं. मी कागद फाडत राहिलो.

साहेबरावांना कारखान्यानं स्टोअरमध्ये बसवलं. पुढे कितीतरी वर्षं कँटीनमध्ये भेटत, पुस्तकराव म्हणून हाक मारत. गेल्याच्या गेल्या वर्षी ते वारले. मी भेटायला गेलो. कस्तुराबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मीही खाली घातली.

यंदा पितृपक्षात त्यांची सून सुमनताई माझ्याकडे आली. ती रहाटणीत प्रौढ साक्षरतेचा वर्ग चालवते. तिला मोठ्या टाइपातली पुस्तकं हवी होती.

"सासूबाईही येतात वर्गाला," ती म्हणाली. "बोट ठेवून वाचतात, पण वाचतात. तुमच्याकडे आहे का काही सोपं?"

मी पुस्तकं काढू लागलो. ती बोलत राहिली. "ह्यांनी चाकण रोडला शेड टाकलीय, काका. नवी लेथ आलीय. म्हटलं, खंडेनवमीला पहिलं कुंकू सासूबाईंच्या हातचं लावायचं. तर त्यांनी हात पदराआड घेतले. म्हणाल्या, माझ्या हातचं यंत्राला लागू देऊ नका, पोराचा घात होईल."

"विधवा म्हणून?"

"मलाही तेच वाटलं. म्हटलं, आपण नाही मानायचं असलं. तर म्हणाल्या, त्ये न्हाई गं बाई. मामंजी होते तेव्हापासून सासूबाईंनी कोयत्यालासुद्धा कुंकू लावलं नाहीये. शिवणयंत्राला मी लावलं, तर दिवसभर जेवल्या नाहीत. का, ते सांगत नाहीत. बायका हसतात त्यांना."

मी पुस्तकं तिच्या हातात दिली.

ती गेल्यावर कागद घेतला. बालवाडीच्या पुस्तकात असतात तशी मोठी, सुटी अक्षरं काढली. दोन ओळींत बोटभर जागा सोडली.

"कस्तुराबाई, तुम्ही लावलेलं कुंकू साहेबरावांनी दारू भरायच्या आधी पुसलं. माझ्यासमोर पुसलं. काटा सरळ होता. मी पाहिला. तुमच्या हातून काहीही झालं नाही. मग कशानं, ते मला माहीत आहे. सांगू नका असं साहेबराव म्हणाले होते. तरी तुम्ही विचारलंत, तर मी येऊन सांगेन. हे तेव्हाच लिहायला हवं होतं."

शेवटची तीन-चार वाक्यं खोडावीत की ठेवावीत, यात दुपार गेली. ठेवली. पाकिटावर त्यांचं नाव घातलं आणि चिंचवडच्या टपाल कचेरीत गेलो. पोस्टमन पेटी उघडून पत्रं पिशवीत भरत होता. मी पाकीट त्याच्याच हातात दिलं आणि खंडेनवमीच्या आत पोहोचेल का, असं विचारलं.

त्यानं पत्ता पाहिला. "रहाटणीच ना, काका? उद्या मिळेल की."