मावळती नव्हे, सकाळ

मेडशीजवळ उदयसिंग नावाच्या जमीनदारानं वडिलांच्या संग्रहातल्या चित्रांचं संग्रहालय उघडलं होतं. फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. चित्रं सगळी दृक्प्रत्ययवादी: ठळक रेघा नाहीत, नुसते रंगांचे फटकारे आणि त्यांतून उतरलेला त्या घडीचा उजेड. शाळेत चित्रकला शिकवणारी इकरा हौसेनं वडिलांना घेऊन गेली. गुलाम नबींनी शेलूबाजारात जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या.

दुसऱ्या खोलीत ते थबकले. समोर फुलावर आलेल्या तुरीचं वावर होतं.

"हे माहं हाय," ते हळूच म्हणाले. "उदयसिंगच्या वडलाच्या सांगन्यावरून काढलं होतं."

खालच्या चिठ्ठीवर होतं: चित्रकार अज्ञात.

इकराच्या डोक्यात सणक गेली. तिनं तिथल्या व्यवस्थापकाला, विकासला, बोलावलं. "हा अज्ञात मानूस तुमच्यापुढं उभा हाय. नाव लिवा."

"चित्रावर सही नाही ना, मॅडम."

"मोठ्या मालकानं करूच देली नाही," गुलाम नबी म्हणाले. "जाऊ दे बेटा, चाल."

"काहून जाऊ देऊ, अब्बा? बाकी साऱ्याइची नावं हायेत!"

विकासनं फोन करून उदयसिंगांना बोलावून घेतलं. त्यांनी म्हाताऱ्याला लगेच ओळखलं, आणि तरी हसून म्हणाले, "चाचा, पाट्या रंगवनाऱ्याचं नाव इथं कसं शोभीन? लोक काय म्हनतीन?"

इकरा काही बोलणार, तोच गुलाम नबींनी चष्मा चढवला. चिठ्ठीची वरची ओळ त्यांनी आत्ता कुठं वाचली: 'मावळतीचं वावर'.

"मावळती?" त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "कोनं लिवलं हे? दिवाळीनंतरची सकाळ हाय ते! दवबी उडालं नाही अजून. सावल्या निळ्या हायेत, दिसत नाही का? हा उजेड धराले मी आठ दिवस थंडीत सायकल हानत येत होतो. घडीभर टिके तो. माहं नाव नका लिवू, पन सकाळले संध्याकाळ म्हनता?"

उदयसिंग चित्राजवळ गेले. निळ्या सावल्या त्यांनी वाकून पाहिल्या.

"मीच लिवलं होतं," ते पुटपुटले.

इकरानं चिठ्ठी ओरबाडून काढली, उलटी केली आणि वडिलांच्या हाती पेन दिला. त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'तुरीचं वावर, सकाळ. गुलाम नबी, शेलूबाजार.'

उदयसिंगांनी ती स्वतः चिकटवली आणि चहाचा आग्रह केला.

"ओळखूनबी अज्ञात म्हनलं, अन् आता चहा?" इकरानं वडिलांचा हात धरला आणि ती पायऱ्या उतरू लागली.