हातोदच्या बारवेची एक ओळ

साताऱ्याहून इंदूरला आलेल्या ऋजुताला या शहरात पहिला आधार मिळाला तो श्रीपादजींचा. ती राऊच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. श्रीपादजी संस्थानकाळापासून इथे रुजलेल्या मराठी घरातले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि इंटरनेटवरच्या मराठी मुक्त ज्ञानकोशाचे जुनेजाणते संपादक. ज्या कोशात कुणीही उठून लिहू शकतो तिथे खोटं शिरणारच. ते हुडकून बाहेर काढायचं, हे त्यांनी व्रतासारखं घेतलेलं. "बेटा, आपल्या शब्दाला इथे किंमत झीरो," ते तिला सांगत. "सोर्स दाखव, नाहीतर चुप बस."

दर रविवारी ती त्यांच्या घरी जायची. जेवणाच्या टेबलावर दोघांचे लॅपटॉप समोरासमोर आणि मधे रमाकाकूंनी केलेला भुट्ट्याचा कीस. परक्या गावात असं एक टेबल मिळालं की माणूस डोळे झाकून विश्वास टाकतो. ऋजुतानेही टाकला. यात तिचं काय चुकलं?

भांडण पेटलं ते हातोदजवळच्या एका बारवेवरून, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरून. कोशातल्या या बारवेच्या पानावर एक ओळ होती: ही बारव गोपीनाथपंतांनी बांधून घेतली. गोपीनाथपंत म्हणजे श्रीपादजींचे पणजोबा. पण ती ओळ श्रीपादजींनी लिहिलेली नव्हती, 'मुकुल' नावाच्या संपादकाने घातली होती. आपल्या घरच्यांविषयी आपण लिहायचं नाही असा कोशाचा नियम, आणि श्रीपादजी तो किती कसोशीने पाळतात याचं ऋजुताला भारी कौतुक. शिवाय ओळीला पुरावा म्हणून वर्तमानपत्रातला एक लेखही जोडलेला होता.

हातोदचा लक्ष्मण नावाचा कुणी ती ओळ सारखी पुसायचा. "बारव गावाने वर्गणी काढून बांधली. हे पंत कोण?" असं विचारायचा, पण पुरावा काही देईना. ऋजुता ओळ परत घालायची. पानामागच्या चर्चापानावर, जिथे संपादक वाद मिटवतात, तिथे मुकुलने तिची बाजू घेतली, 'तन्वी' नावाच्या संपादिकेनेही घेतली. शेवटी ऋजुताने नियमावर बोट ठेवून लक्ष्मणचं खातं काही दिवस बंद करायला लावलं.

बंदी उठल्यावर लक्ष्मण परतला तो एवढंच लिहायला: "मॅडम, तुमची ओळ मार्चमधली आहे, पेपरातला लेख ऑगस्टमधला. पेपरवाल्याने तुमच्याच कोशातून उचललंय."

ऋजुताने पानाचा इतिहास उघडला. कोशात प्रत्येक बदलाची तारीख कायमची राहते. लक्ष्मणचं म्हणणं खरं होतं. तिने वर्तमानपत्राचं नाव पाहिलं होतं, लेखाची तारीख पाहिली नव्हती. कोशातलं खोटं पेपरात गेलं होतं आणि पेपराचं प्रमाणपत्र मिरवत कोशात परत आलं होतं. पुरावा दिसला की निर्धास्त व्हायची सवय लागलेल्या माणसाकडूनच अशी चूक होते. तिने लक्ष्मणची सगळ्यांदेखत माफी मागितली आणि ओळ स्वतःच्या हाताने काढून टाकली.

लक्ष्मणचं तेवढ्यावर भागलं नाही. ही सगळी खाती एकाच माणसाची तर नाहीत ना, याची त्याने तपासणी मागितली. कोशाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी ती केली आणि निकाल लावला: मुकुल, तन्वी, श्रीपाद आणि ऋजुता या चारही खात्यांवरून एकाच घरच्या इंटरनेट जोडणीवर लिखाण झालेलं आहे.

ऋजुता तडक श्रीपादजींकडे गेली.

"मुकुल तुम्हीच का?"

"हो." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तन्वी पण मीच. काय करू बेटा, सारी जिंदगी पणजोबांचे किस्से ऐकत आलो आणि किताबात त्यांचं नाव कुठेच नाही. एक ओळ तर हवी होती ना!"

"आणि मी त्या बिचाऱ्या माणसाला बाहेर काढलं! तुमच्यासाठी!"

"माझ्यावर कोण भरोसा करणार होतं? पणजोबा माझेच. तुझी इमेज एकदम साफ होती."

ऋजुताला रडूच फुटलं. "वडिलांच्या जागी मानलं होतं मी तुम्हाला. आता मीसुद्धा तुमचंच एक खोटं खातं आहे असं समजतायत सगळे. ऋजुता वेगळी आहे, तिचा यात हात नाही, एवढं एक वाक्य लिहा. मला बाकी काही नको."

"लिहितो ना! तू टेन्शन नको घेऊस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढं होऊनही तिला ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं निवेदन आलं. एक वाक्य नव्हे, चांगलं लांबलचक. "मुकुल आणि तन्वी ही दोन्ही खाती ऋजुताची आहेत. ती रविवारी माझ्या घरी येऊन माझी जोडणी वापरते. माझ्यावरच्या मायेपोटीच तिने हे केलं असावं. पकडली गेल्यावर घाबरून ओळही तिनेच काढली. कृपया तिला समजून घ्यावं." खाली पुरावे होते. मुकुलचं आणि तन्वीचं प्रत्येक लिखाण, त्याची तारीख आणि त्याच दिवशी त्याच घरातून झालेलं ऋजुताचं लिखाण.

केसाने गळा कापणं म्हणतात ते याला.

एखादी तरी तारीख खोटी निघेल म्हणून तिने सगळं उघडून पाहिलं. एकही निघाली नाही. मुकुल आणि तन्वी रविवार सोडून कधी लिहीतच नव्हते, अगदी बारवेच्या त्या पहिल्या ओळीपासून. म्हणजे ती समोर बसून हसतबोलत काम करायची तेव्हा टेबलापलीकडे हा माणूस, उद्या वेळ आली तर सगळं तिच्या गळ्यात घालता यावं, याची तयारी करत होता. तिला संताप आला, पण संतापाहून लाज जास्त वाटली. त्या घरात तिला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

तिने निवेदन पुन्हा वाचलं. प्रत्येक वाक्याला पुरावा होता आणि प्रत्येक पुरावा तपासता येत होता. हेच निवेदन दुसऱ्या कुणाविषयी असतं, तर खातं कायमचं बंद करा अशी शिफारस तिनेच केली असती. आणि वर श्रीपादजींना फोन करून विचारलं असतं, "बरोबर केलं ना मी?"